अर्क आटत जातो तेव्हा तो वाहतो कसा

शंभर किलो पातळ वनस्पती-अर्कात १२ किलो विरघळलेले घटक आहेत आणि बाकी सगळे पाणी आहे, असे समजू. हा अर्क आटवून २४ टक्क्यांवर आणायचा असेल, तर ५० किलो पाणी काढावे लागते. ६० टक्क्यांवर आणायचा असेल तर ८० किलो, आणि ७० टक्क्यांवर न्यायचा असेल तर ८३ किलोंना किंचित कमी. म्हणजे ६० ते ७० या शेवटच्या टप्प्यात निघणारे पाणी तीन किलोसुद्धा भरत नाही. वाफेच्या हिशेबात हा टप्पा किरकोळ दिसतो. पण पंपाने माल न ओढणे, नळ्यांना आतून थर धरणे, टाकीच्या तळाशी माल अडकून राहणे, भुकटी यंत्राच्या भिंतीला चिकटणे, अशा ज्या तक्रारी आटवलेल्या अर्काबद्दल ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या शेवटच्या थोड्याशा पाण्यात असते.

साखरेच्या शुद्ध द्रावणाचे आकडे काटेकोरपणे मोजलेले आहेत, म्हणून आधी ते पाहू. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याची श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. त्याच तापमानाला १२ टक्के साखरेच्या द्रावणाची श्यानता सुमारे १.४ आणि २४ टक्क्यांच्या द्रावणाची सुमारे २.३ भरते, पहिले ५० किलो पाणी काढूनही ती दुपटीला पोहोचत नाही. ६० टक्क्यांना मात्र ती ५८ च्या आसपास जाते, ६५ टक्क्यांना १४७ आणि ७० टक्क्यांना सुमारे ४८० होते. शेवटच्या तीन किलोंनी ती आठपट केली. प्रत्यक्ष अर्क म्हणजे साखरेचे द्रावण नव्हे. पेक्टिन, म्हणजे फळांतला जेली धरवणारा लांब साखळ्यांचा घटक, काढून टाकलेला आणि गाळून निर्मळ केलेला फळाचा रस तितक्याच ब्रिक्स अंशांना (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या घटकांची टक्केवारी) यापेक्षा थोडा पातळ असू शकतो, तर पेक्टिन, डिंक किंवा प्रथिने असलेला अर्क याच्या कितीतरी पट घट्ट असतो. वक्राचा आकार मात्र सगळीकडे सारखाच दिसतो. बराच काळ तो जवळजवळ सपाट असतो आणि मग एकदम उभा चढतो. अर्क कुठपर्यंत आटवायचा, याची मर्यादा बहुतेक वेळा हा चढच ठरवतो. गोठवून पाणी काढण्याच्या पद्धतीत तर तापमान शून्याच्या खाली असल्यामुळे हा चढ लवकर गाठला जातो आणि साधारण ४० ते ५० ब्रिक्सच्या पुढे जाता येत नाही.

आता श्यानता म्हणजे नेमके काय, ते पाहू. टेबलावर पत्त्यांचा जोड ठेवून वरच्या पत्त्यावर हात ठेवला आणि तो पुढे सरकवला, तर वरचा पत्ता सर्वांत जास्त सरकतो, मधले कमी कमी सरकतात आणि तळाचा जागेवर राहतो. वाहणाऱ्या द्रवातही थर असेच एकमेकांवरून घसरत असतात. एका थराचा वेग शेजारच्या थरापेक्षा किती वेगळा आहे, याला त्या दोन थरांतील अंतराने भागले की कर्तनदर, म्हणजे शिअर रेट, मिळतो. एक मिलिमीटर जाडीच्या फटीत वरचा पृष्ठभाग सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर कर्तनदर दर सेकंदाला १०० असतो. ही घसरण चालू ठेवण्यासाठी प्रत्येक चौरस मीटरवर जितके बल लावावे लागते तो कर्तन ताण, आणि ताणाला कर्तनदराने भागून येणारी संख्या म्हणजे श्यानता. ताण आणि दर समप्रमाणात वाढतात, हे गृहीतक न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडले. ते ज्यांना लागू पडते त्या द्रवांना न्यूटनीय द्रव म्हणतात. पाणी, साखरेचा पाक आणि बरेचसे निर्मळ केलेले रस या गटात मोडतात, आणि त्यांच्या बाबतीत तापमान व संहती, म्हणजे विरघळलेल्या घटकांचे प्रमाण, सांगितली की एका आकड्यात काम भागते.

गोंधळ सुरू होतो तो इतर अर्कांच्या बाबतीत. तंतू, पेशींचे तुकडे किंवा लांब साखळ्यांचे रेणू असलेला अर्क जितक्या जोराने ढवळावा तितका पातळ वागतो. हे किती मोठ्या प्रमाणात घडते, ते एका साध्या हिशेबातून दिसेल. अशा द्रवांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र सांगते की ताण हा कर्तनदराच्या अमुक एका घाताच्या प्रमाणात वाढतो. न्यूटनीय द्रवात हा घातांक १ असतो. आपण तो ०.५ धरू. एक प्रति सेकंद या कर्तनदराला या अर्काची श्यानता ५,००० मिलिपास्कल-सेकंद असेल, तर १०० प्रति सेकंदाला ती ५०० होईल, आणि सूत्र तिथवर टिकले तर १०,००० प्रति सेकंदाला फक्त ५० राहील. अर्क तोच, तापमान तेच आणि संहतीही तीच. पहिला आकडा टाकीत संथपणे सरकणाऱ्या अर्काचा आहे, दुसरा नळीतून जाणाऱ्या अर्काचा आणि तिसरा फवाऱ्याच्या तोटीतून सुटणाऱ्या अर्काचा. ‘या अर्काची श्यानता किती?’ या प्रश्नाला इथे एक उत्तर नाही, आणि कर्तनदर न सांगता दिलेला आकडा मला तरी निरुपयोगी वाटतो.

काही अर्क याच्याही एक पाऊल पुढे जातात. एका ठरावीक ताणापर्यंत ते हलतच नाहीत. घन पदार्थासारखे बसून राहतात आणि ताण त्यापुढे गेला की मग वाहू लागतात. टोमॅटोची पेस्ट हे याचे परिचित उदाहरण. टाकीच्या तळाचे तोंड उघडल्यावर मध्यभागी खड्डा पडून वाट तयार होते आणि कडेचा माल भिंतीला तसाच धरून राहतो, त्याचे कारण हे की कडेच्या मालावर येणारा स्वतःच्या वजनाचा ताण त्या किमान मर्यादेपेक्षा कमी असतो. किमान ताण आणि घातांक या दोन्ही गोष्टी एकत्र मांडणारे समीकरण विन्स्लो हर्शेल आणि रोनाल्ड बल्कली यांनी १९२६ मध्ये दिले आणि अन्नप्रक्रियेतील हिशेबांत ते आजही सर्रास वापरले जाते.

अर्क असे का वागतो, याचे उत्तर त्यात काय विरघळले आहे आणि काय तरंगते आहे यात सापडते. साध्या शर्करांचे रेणू लहान असतात. ते आपल्याभोवती पाण्याचे काही रेणू धरून ठेवतात, आणि संहती वाढली की मोकळे पाणी झपाट्याने कमी होत जाते. लांब साखळ्यांचे रेणू आपल्या वजनाच्या मानाने फार मोठी जागा व्यापतात. पातळ द्रावणात प्रत्येक साखळी आपापल्या गुंडाळीत असते, पण एका संहतीनंतर या गुंडाळ्या एकमेकींत शिरतात, साखळ्या गुंततात आणि श्यानता उसळी घेते. जोराने ढवळल्यावर साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, गुंता सुटण्याचा वेग तो पुन्हा होण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि अर्क पातळ वागू लागतो. ढवळणे थांबवले की तो पुन्हा घट्ट होतो, काही वेळा लगेच आणि काही वेळा बऱ्याच मिनिटांनी.

तरंगणाऱ्या कणांची गोष्ट थोडी वेगळी आहे. द्रवात विरळ तरंगणाऱ्या गोल कणांमुळे श्यानता किती वाढते, याचे सूत्र आइन्स्टाइनने १९०६ मध्ये दिले. त्यातला गुणक हिशेबातील एका चुकीमुळे १ आला होता, प्रयोगातले आकडे जुळेनात, आणि १९११ मध्ये त्याने तो २.५ असा दुरुस्त केला. कणांनी दहा टक्के जागा व्यापली तर श्यानता सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते, असे ते सूत्र सांगते. आटवलेल्या अर्कात हे सूत्र फार लवकर अपुरे पडते, कारण कण एकमेकांच्या वाटेत येऊ लागतात आणि सारख्या आकाराच्या गोल कणांनी सुमारे ६४ टक्के जागा व्यापली की त्यांना हलायला जागाच उरत नाही. वनस्पतींच्या पेशींचे तुकडे तर गोलही नसतात आणि भरीवही नसतात. ते पाणी पिऊन फुगलेले असतात, त्यामुळे कोरड्या वजनाने अगदी थोडा असलेला गर आकारमानाने मोठा हिस्सा अडवून बसतो. म्हणूनच ब्रिक्सचे माप दोन अर्कांत तंतोतंत सारखे असूनही एक सहज ओतला जातो आणि दुसरा चमच्यावर उभा राहतो. ब्रिक्स मोजणारे अपवर्तनमापी विरघळलेल्या घटकांमुळे प्रकाश किती वाकतो ते पाहते, तरंगणाऱ्या गराची त्याला जवळजवळ दखलच नसते.

पेक्टिनकडे इथे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण फळांच्या अर्कात सर्वाधिक त्रास तेच देते. आम्ल असेल आणि शर्करांचे प्रमाण साधारण ५५ ते ६० टक्क्यांच्या पुढे असेल, तर पेक्टिनचे काही प्रकार जेल तयार करतात, आणि अर्क आटवताना आपण नेमकी हीच परिस्थिती निर्माण करत असतो. इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे अर्क आटवण्याच्या यंत्रातून, गरम असताना व्यवस्थित वाहत बाहेर आलेला अर्क पिंपात थंड झाल्यावर थरथरणारा गोळा होऊन बसतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे आटवण्यापूर्वी रस साधारण ४५ ते ५० अंशांवर ठेवून पेक्टिनेज विकर घालणे; विकर साखळ्या तोडते, श्यानता उतरते आणि गाळणेही सोपे होते. काम पूर्ण झाले की नाही, हे पाहण्याची चाचणी अगदी साधी आहे. परीक्षानळीत थोडा गाळलेला रस घेऊन त्यात सुमारे दुप्पट आम्लयुक्त अल्कोहोल मिसळायचे आणि काही मिनिटे थांबायचे. पेक्टिन उरले असेल तर नळीत पांढुरके पुंजके किंवा जेलीसारखा लगदा वर तरंगू लागतो. उरले नसेल तर द्रव स्वच्छ राहतो. कच्च्या फळांच्या रसात स्टार्चही असते. ते गरम झाल्यावर फुगते आणि नंतर गढूळपणा आणते. आयोडीनच्या थेंबाने निळा रंग आला की अमायलेज विकराची गरज आहे असे समजावे. चहासारख्या पॉलिफेनॉलयुक्त अर्कांत वेगळाच प्रकार घडतो. तिथे पॉलिफेनॉल आणि कॅफीन थंड झाल्यावर एकत्र येऊन गढूळ साका धरतात आणि गरम केल्यावर पुन्हा विरघळतात. ज्या मुळांच्या अर्कांत सॅपोनिन असते, ते उकळताना भरपूर फेस करतात, आणि घट्ट अर्कातला फेस विरायला फार वेळ घेतो.

तापमानाचा परिणामही संहतीबरोबर बदलतो, ही गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेले तर त्याची श्यानता निम्म्यापेक्षा थोडी कमी होते. ६० टक्के साखरेच्या द्रावणाची श्यानता मात्र त्याच बदलात ५८ वरून सुमारे १० वर येते, म्हणजे साधारण एक षष्ठांश होते. जितका अर्क घट्ट, तितका तो तापमानाला अधिक संवेदनशील. त्यामुळे घट्ट अर्क वाहता ठेवायचा सोपा उपाय म्हणजे तो गरम ठेवणे, पण उष्णतेने रंग काळवंडतो, सुगंध उडतो आणि औषधी किंवा स्वादाचे नाजूक घटक बिघडतात. म्हणून आटवण्याचे काम निर्वातात करतात. दाब १० किलोपास्कलवर आणला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश केला, की पाणी ४६ अंशांनाच उकळते. चव वाचवण्यासाठी तापमान खाली आणावे, तर श्यानता वर जाते. आणि श्यानता वर गेली की अर्क तापलेल्या पृष्ठभागावर जास्त वेळ रेंगाळतो, म्हणजे जी चव वाचवायची होती तीच धोक्यात येते. इव्हॅपोरेटरची सगळी रचना या ओढाताणीतून घडलेली आहे.

रसांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका इव्हॅपोरेटरमध्ये उभ्या लांब नळ्या असतात. अर्क त्यांच्या आतल्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखा खाली उतरतो आणि नळ्यांना बाहेरून वाफ लागते. पापुद्र्याची जाडी श्यानतेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे श्यानता आठपट झाली की जाडी दुप्पट. ऐकायला हे फारसे वाईट वाटत नाही, पण जाड पापुद्र्यातून उष्णता आत शिरायला वेळ लागतो, तो खाली हळू सरकतो आणि भिंतीलगतचा थर तर जवळजवळ उभाच राहतो. त्यातच अर्क सगळ्या नळ्यांत सारखा वाटला गेला नाही, तर एखाद्या नळीचा काही भाग कोरडा पडतो, तिथे अर्क भाजून चिकटतो, आणि चिकटलेल्या थरामुळे पुढचा प्रवाह आणखी बिघडतो. म्हणून श्यानता काही शंभर मिलिपास्कल-सेकंदांच्या वर गेली की असा इव्हॅपोरेटर सोडून, भिंतीवरचा थर फिरत्या पात्यांनी सतत खरवडणाऱ्या यंत्राकडे वळतात.

इव्हॅपोरेटरच्या एका कप्प्यातील वाफ पुढच्या कप्प्याला तापवायला वापरतात, तेव्हा अर्क कोणत्या दिशेने फिरवायचा हा प्रश्न येतो. अर्क वाफेच्याच दिशेने नेला तर पंप कमी लागतात, पण सर्वांत घट्ट अर्क सर्वांत थंड कप्प्यात पोहोचतो आणि तिथे त्याची श्यानता कळस गाठते. उलट दिशेने नेला तर घट्ट अर्काला सर्वांत गरम कप्पा मिळतो, तो सहज वाहतो, मात्र नाजूक घटकांना शेवटी तीव्र उष्णता सोसावी लागते आणि प्रत्येक कप्प्यागणिक पंप बसवावा लागतो. काही कारखान्यांत मधला मार्ग काढून कप्प्यांचा क्रम मिश्र ठेवतात. उष्णता सोसणारा पण फार घट्ट होणारा अर्क असेल तर उलटी दिशा योग्य, आणि सुगंधासाठीच विकला जाणारा अर्क असेल तर नाही, एवढे तारतम्य इथे पुरते.

इव्हॅपोरेटरमधून बाहेर पडणाऱ्या घट्ट अर्काची पहिली परीक्षा पंपाच्या ओढीच्या बाजूला होते. आत निर्वात आहे आणि अर्क जवळजवळ उकळत्या अवस्थेत आहे, त्यामुळे त्याला पंपाकडे ढकलायला फक्त वरच्या द्रवस्तंभाचे वजन असते. ओढीची नळी अरुंद किंवा लांब असेल, तर हे तुटपुंजे बल घर्षणातच संपते, पंपाच्या तोंडाशी दाब घसरतो, बुडबुडे तयार होतात आणि पंप आवाज करत रिकामा फिरू लागतो. इव्हॅपोरेटरची भांडी उंचावर बसवलेली आणि त्यांच्या खालच्या नळ्या रुंद दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. पंपाच्या पुढच्या बाजूचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. २०० मिलिपास्कल-सेकंद श्यानतेचा न्यूटनीय अर्क ५० मिलिमीटर व्यासाच्या, ५० मीटर लांबीच्या नळीतून सेकंदाला १ मीटर वेगाने न्यायचा असेल, तर सुमारे १.३ बार दाब खर्च होतो. रात्रीतून अर्क थंड होऊन त्याची श्यानता दहापट झाली, तर त्याच प्रवाहाला सुमारे १३ बार लागतात. तेवढाच प्रवाह ७५ मिलिमीटरच्या नळीतून नेला तर दाब जवळपास एक पंचमांशावर येतो, कारण संथ प्रवाहात तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ढवळल्यावर पातळ होणाऱ्या अर्काला रुंद नळीचा फायदा यापेक्षा कमी मिळतो. घातांक ०.५ असेल तर व्यासाचा घात चारऐवजी अडीच होतो, कारण रुंद नळीत कर्तनदर घटतो आणि अर्क स्वतःच पुन्हा घट्ट होतो.

वरच्या उदाहरणातला प्रवाह कसा असेल, हेही पाहायला हवे. त्याच नळीतून त्याच वेगाने पाणी गेले तर रेनल्ड्स संख्या, म्हणजे प्रवाह शांत की खळखळता हे सांगणारा आकडा, सुमारे ५०,००० येते आणि प्रवाह खळखळता, चांगला मिसळणारा असतो. आपल्या अर्कासाठी, घनता पाण्याच्या १.३ पट धरली तरी, ही संख्या ३२५ च्या आसपास येते. प्रवाह शांत राहायला ती साधारण २,१०० च्या खाली असणे पुरते, म्हणजे इथे थर अजिबात मिसळत नाहीत. याचा सर्वांत गंभीर परिणाम पाश्चरीकरणात दिसतो. गरम केलेला अर्क ठरावीक तापमानाला ठरावीक सेकंद राहावा, म्हणून तो एका लांब नळीतून नेतात. शांत प्रवाहात न्यूटनीय द्रवाचा मधला धागा सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो, म्हणजे सरासरी वेळ ३० सेकंद असली तरी मधल्या अर्काला फक्त १५ सेकंद मिळतात. जंतूंचा नाश किती झाला हे सर्वांत वेगवान धाग्यावरून ठरते. घातांक ०.५ असलेल्या अर्कात मधला वेग सरासरीच्या सुमारे १.६७ पट असतो, म्हणजे परिस्थिती जराशी बरी. तरीही पातळ रसासाठी आखलेली नळी त्याच्या घट्ट अर्कासाठी जशीच्या तशी वापरणे हा सुरक्षिततेशी खेळ आहे, आणि इथे रिऑलॉजी, म्हणजे पदार्थ कसे वाहतात याचे शास्त्र, ही केवळ यंत्राच्या सोयीची बाब राहत नाही.

थंड करतानाची अडचण मात्र अधिक फसवी असते, कारण ती बाहेरून दिसत नाही. समजा हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे भिंतीपलीकडच्या थंड पाण्याने अर्क गार करणाऱ्या यंत्रात, एकमेकींना समांतर अशा अनेक नळ्या आहेत आणि गरम अर्क सगळ्यांत सारखा वाटला गेला आहे. काही कारणाने एका नळीतला प्रवाह किंचित मंदावतो. मंदावलेला अर्क थंड भिंतीशी जास्त वेळ राहतो, म्हणून अधिक गार होतो. गार झाल्यामुळे अधिक घट्ट होतो. घट्ट झाल्यामुळे त्याचा प्रवाह आणखी मंदावतो. दोन्ही टोकांवरचा दाब सगळ्या नळ्यांना समान असल्याने उरलेला अर्क मोकळ्या नळ्यांकडे वळतो आणि तिथून घाईघाईने, अर्धवट थंड होऊन बाहेर पडतो. काही वेळाने निम्म्या नळ्या जवळजवळ तुंबलेल्या आणि उरलेल्या भरधाव, अशी स्थिती येते. बाहेरच्या तापमापीवर अर्क अपेक्षेपेक्षा गरम दिसतो, म्हणून थंड पाणी आणखी गार केले जाते, आणि तुंबलेल्या नळ्या अधिकच तुंबतात. योग्य उपाय उलटा आहे. थंड करणारे पाणी थोडे कोमट करायचे, म्हणजे भिंतीलगतचा थर फार गोठत नाही. घट्ट अर्कासाठी समांतर वाटा कमी ठेवून अर्क एकाच लांब वाटेने नेणे किंवा भिंत खरवडणारे यंत्र वापरणे अधिक भरवशाचे.

हे सगळे हिशेब मोजमापावर उभे असतात, आणि मोजमापात घोळ फार होतात. फिरत्या दांड्याचे साधे व्हिस्कोमीटर स्वस्त आणि टिकाऊ असते, पण मोठ्या भांड्यात बुडवलेल्या दांड्याभोवती कर्तनदर जागोजागी वेगळा असतो. न्यूटनीय अर्काला त्याने फरक पडत नाही, इतरांना पडतो. त्यामुळे अशा यंत्राच्या आकड्यासोबत दांड्याचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग, तापमान आणि किती सेकंदांनी वाचन घेतले हे लिहिलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळण्याची अपेक्षा ठेवू नये. एकाच वेगाला मोजण्यापेक्षा तीन-चार वेगांना, आधी चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने मोजले, तर अर्क ढवळल्याने पातळ होतो का आणि सावरायला वेळ घेतो का, हे लगेच कळते. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या रिओमीटरमध्ये अर्क अरुंद फटीत ठेवला जातो. ती फट सर्वांत मोठ्या कणाच्या किमान दहापट असावी, असा संकेत आहे, नाहीतर यंत्र अर्काऐवजी कणांचे घासणे मोजते. गर असलेल्या अर्कात गुळगुळीत धातूलगत पातळ पाण्याचा थर सुटतो आणि अर्क त्यावरून एकसंध घसरतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. खरखरीत पृष्ठभाग वापरून हे टाळता येते. घट्ट अर्काच्या उघड्या कडेवर काही मिनिटांतच साय धरते आणि आकडा खोटा वाढतो. कडेला तेलाचा पातळ थर दिला तर ते थांबते. या दोन उलट्या चुका एकाच नमुन्यात होऊन एकमेकींना झाकूनही टाकू शकतात.

भुकटी करायची असेल तर आटवलेला अर्क स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेत फवारून वाळवणाऱ्या यंत्रात, जातो. तोटीतून सुटताना श्यानता जास्त असेल तर थेंब मोठे पडतात किंवा थेंबांऐवजी धागे निघतात, आणि आतपर्यंत न वाळलेला थेंब भिंतीवर आदळतो. म्हणून अर्क तोटीपाशी गरम करून देतात. पुढे थेंबातले पाणी उडत जाते तसा अर्क त्याच उभ्या वक्रावरून चढत राहतो, आणि अखेर इतका घट्ट होतो की तो वाहतो असे म्हणण्यात अर्थ राहत नाही; साधारण १० चा १२ वा घात पास्कल-सेकंद इतक्या श्यानतेला त्याला काच म्हटले जाते. हा बदल ज्या तापमानाला होतो ते काच-संक्रमण तापमान प्रत्येक घटकाचे वेगळे असते. कोरड्या सुक्रोजचे ते सुमारे ६२ अंश, ग्लुकोजचे सुमारे ३१ आणि फ्रुक्टोजचे केवळ ५ अंशांच्या आसपास आहे, आणि थोडेसे पाणी उरले तरी ते बरेच खाली येते. कणाचा पृष्ठभाग या तापमानाच्या साधारण १० ते २० अंश वर असला की तो चिकट होतो. ड्रायरमधून बाहेर पडणारी हवा ८० ते ९० अंशांची असताना फ्रुक्टोज आणि फळातली आम्ले भरपूर असलेला अर्क भिंतीला का लिंपला जातो, हे या आकड्यांवरून समजते. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च अर्धवट तोडून मिळणारी भुकटी, घालतात ते काच-संक्रमण तापमान वर चढवण्यासाठी. त्याचे रेणू मोठे असल्यामुळे त्याचे स्वतःचे संक्रमण १०० अंशांच्या पुष्कळ वर असते. पण त्यामुळे तोटीकडे जाणारा द्रव पुन्हा घट्ट होतो आणि भुकटीतला मूळ अर्काचा वाटाही घटतो, म्हणून ते किती घालायचे हे चिकटपणा आणि श्यानता या दोन्ही बाजूंनी मोजून ठरवावे लागते.

पिशवीत भरल्यावरही हे थांबत नाही. साठवणीच्या जागेचे तापमान भुकटीच्या काच-संक्रमण तापमानाच्या वर गेले, किंवा पिशवीतून शिरलेल्या ओलाव्याने ते संक्रमणच साठवणीच्या तापमानाखाली आले, की कणांचे पृष्ठभाग अतिशय संथपणे वाहू लागतात, शेजारच्या कणांना चिकटून पूल बांधतात, आणि काही दिवसांत मोकळ्या भुकटीचे ढेकूळ होते. अशा भुकटीसाठी पिशवीच्या कागदाची ओलावा अडवण्याची क्षमता ठरवताना त्या भुकटीचे काच-संक्रमण तापमान वेगवेगळ्या आर्द्रतेला मोजलेले असले, तरच निवड नेमकी होते.